यात भिडू नसतो

आमच्या शेजारचे लिफ्टवाले काका आयुष्यभर समोरच्याच्या होकारावर चालले, आणि ते त्यांच्या कामाला धरूनच होतं. लिफ्टच्या दुरुस्तीला माणसं जोडीने जातात. एक वर मोटरच्या खोलीत, एक खाली खड्ड्यात. वरच्याने हाक मारायची, "हलवू का?" खालून "हलव" असं आलं की मगच लिफ्ट सोडायची. खालून उत्तर आलं नाही तर वरच्याने हाताची घडी घालून उभं राहायचं, मग इमारतीचा मालक जिन्यात कितीही चुळबुळ करत असेना का. काका वरचे. निवृत्त झाल्यावर एकदा मला म्हणाले, "माझ्या हातून कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नाही. कारण मी माझ्या मनाने कधी काही हलवलंच नाही." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं.

घरात हलवणाऱ्या काकू. पडद्यांचा रंग, मुलाचं शिक्षण, दाताचा डॉक्टर बदलायचा की नाही, सगळं काकू ठरवायच्या आणि काका म्हणायचे, "बरं." त्या 'बरं'मध्ये कुरकुर नसायची. उलट एखादी अवजड वस्तू आपल्या हातातून कुणी अलगद काढून घ्यावी, तसे ते सुटल्यासारखे दिसायचे.

रविवारी दुपारी ते दोघं आमच्याकडे पत्ते खेळायला यायचे. आमचं जेवणाचं टेबल चौकोनी आहे. काका आणि काकू समोरासमोर, मी आणि माझा नवरा समोरासमोर. हुकूम बोलून खेळायचा, जोडीजोडीचा डाव. भिडू समोर बसतो, म्हणून मी माझ्या नवऱ्याला त्या टेबलाशी जितकं डोळ्यांत डोळे घालून पाहिलंय, तितकं लग्नाच्या पहिल्या वर्षातही पाहिलं नसेल. आम्ही हरायचो. काकू आक्रमक खेळायच्या आणि काका त्यांना पुरवायचे. काकूंनी राजा टाकला की काका हातातली सगळ्यात हलकी दुर्री-तिर्री शोधून अदबीने खाली ठेवणार. भिडूचा हात होत असताना आपलं मोठं पान वाया घालवायचं नाही, हे या खेळातलं पहिलं शहाणपण, आणि त्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"तुम्ही कधी स्वतःचा हात करताच की नाही हो?" माझा नवरा त्यांना चिडवायचा.

"तिचा झाला काय नि माझा झाला काय," काका म्हणायचे. "ढीग एकच आहे."

मग काकू गेल्या. आजार फार लांबला नाही. काही आठवडे आम्ही पत्त्यांचा विषय काढला नाही. नंतर एका रविवारी नवऱ्याने काकांना हाताला धरून आणलं आणि युक्ती सुचवली की चौथा हात उघडा मांडू, तिघांत खेळू, लोक खेळतात तसं. त्याने पानं वाटली आणि काकूंच्या रिकाम्या खुर्चीसमोर तेरा पानं उताणी पसरली. काकांनी त्या पानांकडे पाहिलं. चांगला हात होता, दोन एक्के होते त्यात. ते म्हणाले, "हे नको," आणि चहासुद्धा न घेता उठले. नवरा बराच वेळ ती पानं गोळा करत बसला. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण आधी मला विचारलं असतं तर मी त्याला थांबवलं असतं.

काकांचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. चांगला आहे, ही गोष्ट आधीच सांगून टाकते. दिवसाला दोन फोन करायचा. त्याने घरात एक खोली रिकामी करून वडिलांसाठी पलंग आणला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले आणि फोनवर म्हणाला, "अप्पा, आता इकडेच या. ते घर भाड्याने देऊ." काका म्हणाले, "बरं."

मला तेव्हा हायसं वाटलं. मी काळजी करणारी बाई आहे. माझी मुलगी शिकायला बाहेर आहे, आणि तिने फोन उचलला नाही तर पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यात ती इस्पितळापर्यंत पोचलेली असते. भिंतीपलीकडे काका एकटे, आत काही पडल्याचा आवाज आला की मी पोळपाट सोडून धावणार. एकदा तर खरोखर धावले. पडलं होतं ते स्टीलचं पातेलं, आणि काका दारात उभे राहून माझीच समजूत काढत होते. तेव्हा त्यांच्या मुलाने फोनवर मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं काकू?" तर मी म्हटलं, "घेऊन जा बाबा. आमची पण झोप नीट होईल."

पण त्यानंतर काका रोज सकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टमधून उगीचच वरखाली करू लागले. देखभालीचं कंत्राट एका कंपनीकडे आहे, काकांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी एकदा दूध आणायला निघाले तर ते आत उभे, कान भिंतीला लावून.

"कुठल्या मजल्यावर जायचंय काका?"

"कुठे नाही. तिसऱ्यावर जरा खरखरते. नव्या पोराला सांगून ठेवतो, मी गेल्यावर कोण सांगणार?" मग थोडं थांबून म्हणाले, "मुलाच्या इमारतीतली लिफ्ट फार भारी आहे. आवाजच येत नाही."

"मग चांगलंच की."

"चांगलंच," ते म्हणाले. "मला तिथे करायला काही नाही, एवढंच."

मी ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने संध्याकाळी सरळ जाऊन विचारलं, "काका, तुम्हाला जायचंय का नाही?" काका म्हणाले, "इथं बरा होतो मी. पण तो म्हणतोय ना." नवऱ्याने म्हटलं, मग त्याला सांगा तसं. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू खालून उत्तर यायच्या आत लिफ्ट सोडायला सांगितली होती. मुलगा महिनाअखेरीस सामान बांधायला येणार होता. किल्ली भाडेकरूला द्यायची बोलणी चालू होती.

त्याच सुमारास आमची मुलगी सुट्टीला आली. काका येत नाहीत, पत्ते बंद आहेत, हे ऐकून म्हणाली, "मग पोकर खेळू. त्याला चौघं लागतातच असं नाही, आणि जोड्याही नसतात."

तिने कॅट घेतला आणि दोन भाग करून ते असे फर्रकन एकमेकांत मिसळले की मी हातातली भाजी खाली ठेवली.

"हे तू कुठे शिकलीस?"

"हॉस्टेलवर."

"पैसे लावून?"

"बिस्किटं लावून, आई. गणितवाली माझी रूममेट सगळ्यांची बिस्किटं जिंकते. ती आता बिस्किटं खातही नाही, नुसती साठवते."

मी तिच्याकडे बारकाईने पाहिलं. खोटं बोलताना ती नाक खाजवते, लहानपणापासून. नाक खाजवलं नाही. तरी मी अट घातली की या घरात पैशाचं नाव निघणार नाही. तेव्हा काकांनी, म्हणजे मुलीने ओढून आणलेल्या काकांनी, आपल्या घरी जाऊन एक डबा आणला. त्यात लोखंडी वायसर होते, नटाखाली बसवतात त्या चकत्या, लहान, मध्यम आणि मोठ्या. "हे चालतील?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, याच्यापेक्षा चांगलं काही असूच शकत नाही. लहान म्हणजे एक, मध्यम म्हणजे पाच, मोठा म्हणजे वीस. सगळ्यांना सारखे वाटले. टेबलावर त्यांचा छान, जड आवाज व्हायचा.

मग तिने शिकवलं. प्रत्येकाला दोनच पानं, लपवून ठेवायची. टेबलाच्या मधे टप्प्याटप्प्याने पाच पानं उताणी, ती सगळ्यांची सामाईक. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून जमतील ती उत्तम पाच म्हणजे आपला हात. सगळ्यात कमी म्हणजे काहीच न जमलेला, नुसतं मोठं पान. त्यावर जोडी, त्यावर दोन जोड्या, मग एकसारखी तीन पानं, मग ओळीने पाच, मग एकाच रंगाची पाच, मग एक जोडी आणि एक तिकडी मिळून होतं ते फुल हाउस. त्याच्याही वर दोन आहेत, पण ते इतके दुर्मीळ की आपल्याला आले तर सांगीन, असं तिने सांगितलं.

"हुकूम कोणता?" काकांनी विचारलं.

"हुकूम नसतो यात."

"बरं. आणि माझा भिडू कोण?"

"यात भिडू नसतो काका. जो तो स्वतःसाठी."

काका वायसर बोटांत फिरवत राहिले. "मग खेळायचं कुणासाठी?" त्यांनी विचारलं. मस्करी नव्हती ती. मुलीने पानं पिसायला घेतली. ती म्हणाली, "आधी खेळून तर बघा."

तर पुढचं असं. पानं वाटायच्या आधीच दोघांनी पाळीपाळीने थोडे वायसर मधे टाकायचे, म्हणजे मधे जिंकण्यासारखं काहीतरी राहतं. मग आपली पाळी आली की तीनच गोष्टी करता येतात. समोरच्याने लावलं तेवढं लावून बरोबरी करा, किंवा वाढवा, किंवा पानं पालथी टाकून डाव सोडा. शेवटी दोघं उरले तर पानं उघडायची, ज्याचा हात मोठा त्याचा ढीग. आणि बाकी सगळ्यांनी सोडलं, तर जो उरला त्याचा ढीग, त्याच्याकडे काही असो की नसो. पानं दाखवायची त्याच्यावर सक्ती नाही.

"म्हणजे थाप मारता येते," माझा नवरा खूश होऊन म्हणाला.

"थाप हाच तर खेळ आहे बाबा. पण नव्या माणसाने फार मारू नये. नव्याने दोनच गोष्टी करायच्या. वाईट पानं आली की सोडायची, आणि चांगली आली की सोडायची नाहीत."

ऐकायला सोपं. माझ्या नवऱ्याने पहिल्याच डावात सत्ती आणि दुर्रीवर ढीगभर वायसर लावले आणि थाप पचली नाही तेव्हा मुलीच्या शिकवण्याला नावं ठेवली. मी घाबरट खेळते. एक्का आला तरी मला वाटतं दुसऱ्याकडे दोन असतील. काका मात्र बघता बघता तयार झाले. माझ्या नवऱ्याची थाप ते वायसरच्या आवाजावरून ओळखायचे. "तुम्ही थाप मारता तेव्हा जोरात टाकता," ते म्हणाले, "नट ढिला असला की असाच वाजतो." मला तर ते कधीच सोडायचे नाहीत. मी वाढवलं की लगेच बरोबरी, आणि माझा ढीग त्यांच्याकडे.

तरी तिसऱ्या रविवारी मुलगी पानं गोळा करताना थबकली. काकांनी नुकताच डाव सोडला होता. ती काकूंच्या खुर्चीत, काकांच्या समोर बसायची, कारण तीच एक मोकळी होती. काकांनी पालथी टाकलेली पानं कॅटमध्ये मिसळताना तिच्या हातातून निसटून उलटली.

"काका, दोन राण्या? आणि मधे तिसरी पडली होती. तीन राण्या हातात असताना तुम्ही सोडलंत?"

"तू वाढवलंस ना."

"मी थाप मारत होते."

"असशील. मला वाटलं, तुझा हात होतोय."

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "आई, काका समोरच्याला मारत नाहीत." मी म्हटलं, काहीतरीच. तिने पुढच्या खेपेला सगळ्यांच्या जागा फिरवल्या. मी समोर बसले तर एरवी माझी सालटी काढणारे काका माझ्या पहिल्या वाढीला पानं टाकून मोकळे. नवरा समोर बसला तर त्याची कर्कश्श थापसुद्धा पचली. डावीकडच्याला नि उजवीकडच्याला मात्र दयामाया नाही. समोर बसेल तो भिडू, आणि भिडूचा हात होत असला की आपलं मोठं पान वाया घालवायचं नाही. इतकी वर्षं ज्या जागेला पुरवलं तिला ते मारणार कसे? मला त्यात आणखी एक गोष्ट कळली, ती मी कुणाला सांगितली नाही. काका वाईट पानं सोडायचे तेव्हा भिरकावून द्यायचे. चांगली सोडायचे ती जपून ठेवायचे, कडेला कड जुळवून.

महिनाअखेरीस मुलगा आला. दोन दिवस खोकी भरण्यात गेले. काकूंच्या साड्या त्याने स्वतः घड्या घालून ठेवल्या, मला हात लावू दिला नाही. काका पलंगावर बसून तो विचारेल त्याला "बरं" म्हणत होते. हे कपाट ठेवायचं? बरं. द्यायचं? बरं. रविवारी दुपारी माझी मुलगी त्या दोघांना बोलावून घेऊन आली. सोमवारी सगळेच निघणार होते, ती कॉलेजला आणि ते दोघं मुलाच्या घरी.

"पोकर?" मुलगा हसला. "अप्पा पोकर खेळतात?"

"दादा, सांभाळून," मुलगी म्हणाली. "बाजूला बसलास तर चड्डीवर घरी जाशील."

तो रिकाम्या खुर्चीत बसला, म्हणजे काकांच्या बरोबर समोर. मुलगी कोपऱ्यात स्टूल घेऊन वाटायला बसली. मी नेहमीसारखी काकांच्या डाव्या हाताला. मुलगा ऑफिसातल्या मित्रांबरोबर खेळलेला होता, त्यामुळे शिकवायचं काही नव्हतं. गप्पा चालल्या होत्या, गाडी किती वाजता सुटते, खोक्यांना दोरी पुरेल का. नवऱ्याने सवयीप्रमाणे एक थाप मारली आणि काकांनी ती सवयीप्रमाणे पकडली. मुलाने कौतुकाने पाहिलं.

मग तो डाव आला. मधे नव्वी, राजा, दोन चौक्या आणि एक सत्ती अशी पाच पानं पडली. मी आणि नवऱ्याने आधीच सोडलं होतं. काका नि मुलगा उरले. मुलाने आपले सगळे वायसर दोन्ही हातांनी पुढे सरकवले.

काकांनी आपली दोन पानं एकदा पाहिली. मग ती पालथी केली, कडेला कड जुळवली आणि टेबलावर ठेवली. "घे," ते म्हणाले.

मुलगा ढिगाकडे हात नेत होता. मी काकांची पानं उचलली आणि उलटली.

दोन नव्व्या. मधली एक धरून तीन, वर चौक्यांची जोडी.

"आई," मुलगी म्हणाली, "टाकलेली पानं बघायची नसतात."

"माहीत आहे मला."

मुलाने आपली पानं नकळत उताणी केली. राजा होता त्याच्याकडे, राजांची आणि चौक्यांची जोडी. मग त्याने त्या दोन नव्व्या मधल्या नव्वीशेजारी सरकवल्या.

"अप्पा, तुमचं फुल हाउस होतं."

"हो का. असेल."

"असेल काय? तुम्ही पाहिलंत ना?"

"तू सगळंच पुढे केलंस. म्हटलं, तुझा हात असेल."

"थाप असती तर?"

काकांनी खांदे उडवले. माझ्या मुलीला गप्प बसवत नाही, ते तिने माझ्याकडून घेतलंय. ती म्हणाली, "दादा, ते समोर बसलेल्याला कधीच मारत नाहीत. तुलाच असं नाही. त्या खुर्चीत कुणीही बसो, ते हातातलं सोडून देतात. बाजूच्यांना विचार, कसे खेळतात ते."

मुलाने मान खाली घालून आपण बसलो होतो त्या खुर्चीच्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा रागावणार, आणि रागावला असता तर त्याचं चुकलं नसतं. न्हाणीघरात दांडे बसवलेले, पलंग आणलेला, आणि शेजारची बाई पत्ते उलटून दाखवतेय. तो उठला, टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "काकू, जरा सरकता?"

मी त्याला माझी खुर्ची दिली. तो वडिलांच्या शेजारी बसला, इतका जवळ की दोघांची कोपरं लागत होती, आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "आता सांगा. तुम्हाला माझ्याकडे राहायला यायचंय का?"

काकांनी एक वायसर उचलला, खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे आत्ता नाही, की नाहीच?"

"नाहीच. येऊन जाऊन राहीन. तुझ्या घराला नावं ठेवत नाही मी."

"मग तीन महिने बरं बरं काय करत होता?"

"तू एवढी तयारी केलीस रे."

मुलाने दोन्ही हातांनी तोंड पुसल्यासारखं केलं. रडत होता की हसत होता, मला त्याच्या मागून दिसलं नाही. माझ्या नवऱ्याला अशा वेळी शांतता सोसत नाही. तो म्हणाला, "पण मग हा ढीग कुणाचा?"

"दादाचा," मुलगी म्हणाली. "काकांनी डाव सोडला होता. आई काय वाटेल ते करेल, नियम तो नियम."

त्या संध्याकाळी खोकी पुन्हा उघडली गेली. साड्यांचं तेवढं एक खोकं मुलगा बरोबर घेऊन गेला, बायकोला देईन म्हणाला. भाडेकरूला नकार कळवताना त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. न्हाणीघरात धरायचे दांडे आता इथेही बसलेत. काकांनी ते स्वतःच्या हाताने बसवले आणि मला बोलावून लोंबकळून दाखवलं, तेव्हा माझा जीव आणखीच वर गेला. माझी काळजी काही संपली नाही. उलट आता ती माझ्या माथी आहे, कारण काका इथे राहिले त्यात माझा हात आहे. सकाळी भिंतीपलीकडे त्यांच्या नळाचा आवाज येईपर्यंत मी चहा ओतत नाही.

मुलगी गेल्यावर आम्ही तिघंच खेळतो. तीन बाजूंना तिघं बसलो की काकांच्या समोर कुणीतरी यावंच लागतं असं नाही, पण ते मुद्दाम तशीच खुर्ची ओढतात. परवा समोर मी होते. माझ्याकडे काही नव्हतं, एक छक्की आणि एक गुलाम, पण काय वाटलं कोण जाणे, मी वीसवाले तीन वायसर पुढे टाकले. काकांनी आपली पानं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पानं जपून, कडेला कड जुळवून, खाली ठेवली.

मी ढीग माझ्याकडे ओढून घेतला. त्यांची पानं न बघताच कॅटमध्ये मिसळली आणि नवऱ्याला म्हटलं, वाटा.